डाव्या चाकाचा नट

ग्रीसचा नवा डबा उघडला की मला अकोल्यातली ती दुपार आठवते. नववीत शाळा सोडून मी तिथल्या एका उस्तादांच्या गॅरेजात लागलो होतो, आणि त्या दिवशी एका जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांचे हब आणि बेअरिंग पहिल्यांदाच एकट्यानं बदलले होते. गिऱ्हाईक दिवस भरलेल्या लेकीला घेऊन अमरावतीकडे निघालं आणि हात धुता धुता मी अर्ध्यातच नळ बंद केला. डाव्या चाकाचा मोठा नट शेवटचा आवळला होता का? आठवेचना, आणि तो सुटला तर चाकच निघणार. उस्तादांजवळ जाऊन कसंबसं म्हणालो, "मले आठवून नाही राहिलं." ते रागावले नाहीत, पाने घेऊन मोटारसायकलवर बसले. मी मागं बसून गिऱ्हाइकाला सारखा फोन लावत होतो, तो बोरगावजवळ एकदाचा उचलला गेला. गाडी कडेला थांबलेली, लेक बाभळीच्या सावलीत पोट धरून उभी. उस्तादांनी पान्यावर सगळं अंग टाकलं, पण नट तसूभर हलला नाही. "घट्टच हाये ना! मंग काहून थांबवलं भर उन्हात?" गिऱ्हाईक चिडलं. उस्ताद म्हणाले, "माह्याच ध्यानात नव्हतं, भाऊ. बुढा झालो आता." आज इथं दूर सुरतेत माझ्याही हाताखाली कारागीर आहेत, आणि गिऱ्हाइकासमोर ते वाक्य बोलायला किती जड जातं, ते मला माहीत आहे.