मास्तरांचे हुकूम

आमच्या कॉम्प्युटरच्या मास्तरांइतका हटवादी माणूस विजयदुर्गापासून आरोंद्यापर्यंत दुसरा झाला नाही. मी मुख्याध्यापक, ते माझ्या हाताखाली. पण शाळेत धाक त्यांचाच. मूळचे आरोंद्याचे क्रिस्तांव, उभी हयात गोव्यातल्या जहाजांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर काढलेली, निवृत्तीनंतर आमच्याकडे मानधनावर. रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी सगळे माऊस कपाटात कोंडले आणि चावी गळ्यातल्या क्रुसाच्या साखळीत अडकवली. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, आणि काय हवं ते टाईप करून सांगायचं. इतर शाळांतली पोरं चित्रं रंगवत होती, तेव्हा आमची ‘पीडब्ल्यूडी’ आणि ‘एलएस’ घोकत होती. पहिला हुकूम दिला की आपण कुठल्या फोल्डरात उभे आहोत ते कळतं, दुसरा दिला की तिथे काय काय ठेवलंय ते दिसतं. मास्तर म्हणायचे, “पयली खंय आसस ता इचार, मगे थंय काय आसा ता बघ, आणि मगेच हात लाव.”

हे खूळ शाळेपुरतं असतं तरी चाललं असतं. बाजारातही ते आधी सगळी पाटी ओतायला लावत आणि मगच एका बांगड्याला हात लावत. एकदा मासेवाली माझ्यादेखत म्हणाली, “मास्तरांनू, बांगडे घेतास की हजेरी घेतास?” शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी एका मुलीला कॉम्प्युटरवर फूल काढायला सांगितलं. ती उठून म्हणाली, “सर, आधी आपण कुठे आहोत ते बघू का?” साहेब हसले. माझं मात्र डोकं फिरलं. मास्तर मागे उभे राहून मान डोलावत होते.

मुख्य मशीनवर त्यांनी अकरा वर्षांतल्या प्रत्येक मुलाच्या नावाचा फोल्डर ठेवला होता. आजीचं तिसऱ्यांचं कालवण, घरच्या होडीचं वर्णन, बापावरचा राग, मुलांनी जे जे लिहिलं ते सगळं त्यात. त्याची दुसरी प्रत करायला एक डिस्क हवी म्हणून त्यांनी चार अर्ज दिले. चारही अर्जांवर मी ‘नंतर पाहू’ असा शेरा मारला.

मग कोणा देणगीदाराने मोठे टचस्क्रीन दिले आणि जुनी मशीन रिकामी करा असा संस्थेचा निरोप आला. मास्तर चर्चच्या जत्रेसाठी गावी निघाले होते. “सर, फेस्त करून येतंय. दोन दीस थांबा, पोरांचा लिवलेला बाजूक काढून मी स्वता करतंय,” असं सांगून गेले. मी थांबलो नाही. पुसण्याचा हुकूम त्यांनी वर्गात शिकवताना मी दारातून पाहिला होता. “ह्यो हुकूम परत इचारणा नाय,” हे त्यांचं वाक्यही ऐकलं होतं. ‘रद्दी’ नावाच्या फोल्डरात आहोत अशी माझी खात्री होती, आणि मुख्याध्यापकाने यंत्राला काय विचारायचं? एन्टर दाबलं. स्क्रीनवर एक अक्षरही उमटलं नाही. मी ‘रद्दी’त नव्हतोच; मुलांचे सगळे फोल्डर गेले होते.

मास्तर आले, त्यांनी ‘एलएस’ टाईप केलं. काही नाही. पुन्हा केलं. मग ‘हिस्टरी’ असा एक हुकूम दिला, जो मला ठाऊक नव्हता. त्या मशीनवर आजवर जे जे टाईप झालं होतं ते ओळीने वर आलं, आणि सगळ्यात खाली माझी ओळ होती. त्यांनी ती वाचली. चष्मा काढून पुसला. म्हणाले, “सर, चाय घेवया.”

संस्थेने खुलासा मागितला. मी लिहिलं, ‘हाताळणीत निष्काळजीपणा झाला.’ कोणाच्या, ते लिहिलं नाही. संस्थेने जे समजायचं ते समजून घेतलं आणि मास्तरांचं मानधन बंद झालं. त्यांच्या एका शब्दाने माझी नोकरी धोक्यात आली असती. तो शब्द त्यांनी काढला नाही. मला तेव्हा हायसं वाटलं, ही गोष्ट मी स्वतःला अजून माफ करू शकलेलो नाही.

दर नाताळला आरोंद्याहून कोणाबरोबर तरी करंज्यांसारख्या नेवऱ्यांचा डबा येतो. चिठ्ठी नसते. बायको म्हणते, मास्तरांसारखा माणूस नाही. मी आणखी एक नेवरी उचलतो. रिकामा डबा परत पाठवू नये म्हणतात, म्हणून त्यात मूठभर साखर घालून पाठवतो. घालण्यासारखं माझ्याकडे दुसरंही काही आहे, दोनच ओळींचं. ते लिहायला दर वर्षी बसतो, आणि दर वर्षी साखरच जाते.