मायचं बिनविरोध

‘बिनविरोध’ म्हटलं की लोक आजही कौतुकानं मान डोलावतात. मला या शब्दाचा राग आहे, आणि तो मायकडून आलेला आहे.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. वडनेर भोलजीच्या अलीकडे आमचं खेडं. ग्रामपंचायतीत बाईची जागा भरायची म्हणून गावातल्या शहाण्यांनी मारुतीच्या पारावर बसून मायचं नाव ठरवलं. दुसऱ्या कुणी अर्ज भरायचा नाही, हेही ठरवलं. माय कपाशी वेचून आली, तर बाबा तिच्या अंगठ्यासाठी शाई घेऊन दारात उभे. पुढं गुलाल आला, शेगावचे पेढे आले. बिनविरोध निवडून आल्या म्हणत मंडळींनी हार घातला, तोही बाबांच्या गळ्यात.

सगळे गेल्यावर मायनं त्या शब्दाचा अर्थ विचारला. गावात तुला नाही म्हणणारं कुणी नाही, असं बाबांनी फुशारकीनं सांगितलं. ओट्यावरचा गुलाल झाडता झाडता ती म्हणाली, “नाही कोनं म्हनलं नाही. पन मले हो तरी कोनं म्हनलं?”

पुढच्या निवडणुकीत तिनं स्वतःहून अर्ज भरला, आणि समोर कुणीतरी हवं म्हणून धाकट्या जावेलाही, म्हणजे माझ्या काकूला, भरायला लावला. एका घरात दोन उमेदवार! पारावरच्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. बाबा तर बोलेनासेच झाले. या दोघी मात्र एकाच छकड्यात बसून मतदानाला गेल्या. आपलं मत आपल्यालाच देणं म्हणजे पंगतीत आधी आपलंच पान वाढून घेणं, असं दोघींनाही वाटलं. मायनं मत जावेला दिलं आणि जावेनं मायला. हे आम्हाला फार पुढं कळलं.

शाळेत मोजणी झाली आणि माय पडली. निवडून आलेली काकू रडायला लागली, तर मायच तिची समजूत घालत बसली. टेबलावरची आपल्या मतांची गड्डी ती पुन्हा पुन्हा बघत होती. गड्डी लहान होती, पण तिची होती. मागं तू बिनविरोध आली होतीस, असं म्हणून बाबा तिला धीर द्यायला गेले.

“तवा तुमी बसोलं होतं मले,” माय म्हणाली. “आज एवढ्या लोकाईनं हो म्हनलं.”

पडलेल्या उमेदवाराला गुलाल लावायची रीत आमच्याकडे नाही. बाबांनी सगळ्यांदेखत तिला लावला.