अक्कांनी निवडलेला स्पीकर

अक्कांनी कानबाईचं गाणं उचललं की आमच्या दोंडाईच्याच्या गल्लीतले रिक्षावाले हॉर्न वाजवायचे थांबत, असं माझे सासरे छाती फुगवून सांगत. मी काही ते पाहिलेलं नाही. कुणासाठी थांबलेला रिक्षावाला मला अजून पाहायचाच आहे. पण आवाज होता हे खरं. जाडसर, खणखणीत, घरभर पुरून उरणारा. लग्न होऊन मी जळगावहून त्या घरात आले, त्या सकाळी अक्कांनी चुलीपासून "पानी तपनं का?" असं विचारलं आणि उत्तर शेजारच्या घरातून आलं. या घरात माझं कसं व्हायचं, असं मला वाटून गेलं.

अक्का म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, सासऱ्यांच्या थोरल्या वहिनी. श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरात बसते तेव्हा नोकरीधंद्यासाठी पांगलेले आमचे सगळे भाऊबंद त्यांच्या घरी जमतात. नैवेद्याचे रोट होतात, आरती होते आणि दिवेलागणीला बायका देवीपुढे गाणी म्हणायला बसतात. एकीनं ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती झेलायची. आमच्याकडे उचलायच्या अक्का. झेलायला आम्ही सगळ्या, अगदी शिरपूरहून आलेल्या पाहुण्यासुद्धा.

पहिल्या वर्षी मी नुसते ओठ हलवत होते. मला त्यांची अहिराणी धड येत नव्हती आणि वर लाज. अक्कांनी ओळ उचलली, बायकांनी झेलली, आणि पुढची ओळ येईचना. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. अक्का माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या. "नवरी, तोंड उघाड," त्या म्हणाल्या. "देवीले कसं समजी, तुना मनमा काय शे?" मी कशीबशी ती ओळ पुटपुटले तेव्हा गाणं पुढे सरकलं. मला असा राग आला होता की काय सांगू. लग्नाला पंधरा वर्षं होत आली तरी त्या मला नवरीच म्हणायच्या, तोही राग वेगळाच.

पुढे कळलं, त्या सगळ्यांसाठीच तशा थांबायच्या. आमच्यात एक म्हाताऱ्या आजी होत्या, त्यांची ओळ सगळ्यांच्या मागून लंगडत यायची. ती संपेपर्यंत अक्का गप्प. गाण्यातच असं होतं असंही नाही. गावाला जाताना त्या एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभ्या राहायच्या. आपलं शेवटचं माणूस चढल्याशिवाय पाय उचलायच्या नाहीत. कंडक्टर चिडायचा, घंटी मारायचा. अक्का त्याला म्हणायच्या, "भाऊ, येई राहिना तो, जराखा थांब." आणि तो थांबायचा.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी केली नाही. गाणी कुणाला शिकवली नाहीत. म्हणजे लपवून ठेवली असं नव्हे. कुणी म्हटलं, अक्का, आम्हालाही उचलायला शिकवा की, तर हसून म्हणायच्या, "मी शे ना." झालं. आम्हालाही ते बरंच होतं. अक्का होत्या ना. सगळ्यांना सगळी गाणी पाठ, पण अक्कांच्या मागून. सुरुवात एकीलाही येत नव्हती आणि ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागेल, आवाजाला धक्का बसू शकतो, असं डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं. आम्ही तोवर नोकरीसाठी जळगावलाच राहायला गेलो होतो, उपचारासाठी त्या आमच्याकडेच उतरल्या होत्या. आदल्या दिवशी मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि म्हटलं, "अक्का, सगळी गाणी म्हणा." मी कुकर लावला नाही, नळ सोडला नाही, स्वतः तोंडाला पदर लावून बसले, माझा आवाज मध्ये यायला नको म्हणून. अक्कांनी एकामागून एक सगळी गाणी म्हटली. भराभर, कुठेही न थांबता. शेवटचं गाणं संपल्यावर मोबाईलकडे बघून वैतागून काहीतरी बोलल्या. मी तिकडे फारसं लक्ष न देता हसत मोबाईल उचलला आणि त्यांना चहा टाकला.

गाठ साधी निघाली. आवाज गेला. राहिली ती नुसती हवा. त्या बोलायच्या तेव्हा कान त्यांच्या ओठाशी न्यावा लागायचा. त्या श्रावणात बायका देवीपुढे बसल्या आणि एकमेकींची तोंडं बघत राहिल्या. मी मोबाईल काढला. आवाज मोठा व्हावा म्हणून थोरल्या जाऊबाईंनी तो स्टीलच्या पातेल्यात ठेवला. पातेल्यातून अक्का डासासारख्या गुणगुणल्या. दोन गाणी कुणाला धड ऐकूही आली नाहीत. शेवटी आरती करून उठलो. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही माझी.

पुढच्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर त्या पुन्हा जळगावला तपासणीला आल्या. डॉक्टर भला माणूस. त्यानं फार आडवळणानं सांगितलं, पण सांगितलं ते एवढंच, की आता आवाज येईल असं वाटत नाही. जिन्यावर मी त्यांचा हात धरला तर त्यांनीच माझा हात दाबला आणि हवेच्या आवाजात म्हणाल्या, "चाल, तो डबा लेवाले." डबा म्हणजे ब्लूटूथ स्पीकर. घरी गाणी लावायला चांगला स्पीकर घेऊ असं यजमानांनी ठरवलं होतं. त्यांनी मोबाईलवर अर्ध्या जगाची मतं वाचली होती आणि दुकानात काय काय विचारायचं ते मला बजावून ठेवलं होतं.

दुकानदारानं काउंटरवर ओळीनं स्पीकर मांडले. एकात लाल-निळे दिवे नाचत होते. एक पाण्यात पडला तरी चालतो म्हणे. एक इंग्रजीतून बाईच्या आवाजात बोलला, तेव्हा अक्कांनी तिला मान डोलावून नमस्कार केल्यासारखं केलं. मी बेस विचारत होते, बॅटरी विचारत होते. त्यानं माझ्या मोबाईलवरची गाणी जोडली आणि दुकानात अक्कांचा आवाज घुमला, तो जुना, धडधाकट. फ्रिज बघणारं एक जोडपं वळून बघायला लागलं. हा आवाज या गप्प बसलेल्या बाईंचा आहे हे त्यांना कुठून कळणार. मी उगाच खोक्यावरचं वाचत राहिले.

अक्कांचं लक्ष भलतीकडेच होतं. एक ओळ झाली की त्या स्पीकर बंद करायच्या. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. काहींना नुसता बोटाचा स्पर्श पुरतो. त्यांच्यावर अक्कांचं भाकऱ्या थापून घट्टे पडलेलं बोट फिरायचं आणि गाणं आपलं चालूच राहायचं. ते त्यांनी बाजूला सारले. मला वाटलं, स्वतःचा आवाज ऐकवत नसेल. म्हटलं, "अक्का, राहू द्या, आपण नंतर येऊ." त्यांनी मान हलवली. शेवटी एक राखाडी, ठेंगणा, दिसायला अगदीच सामान्य स्पीकर त्यांनी पुढे ओढला. वर एकच जाड रबरी बटण होतं. दाबलं की गाणं जागच्या जागी थांबायचं. "बाई, यापेक्षा भारी आवाज त्याचा आहे," दुकानदार म्हणाला. अक्का मला जवळ ओढून म्हणाल्या, "हाई थांबस."

घरी यजमान कुरकुरले, की एवढ्या माहितीचा काय उपयोग झाला. त्या वर्षी दिवेलागणीला अक्का देवीपुढे आपल्या जागेवर बसल्या आणि स्पीकर मांडीवर घेतला. मी गाणं लावलं. पहिली ओळ आली, आणि अक्कांनी अंगठा दाबला. गाणं थांबलं. त्या आमच्या तोंडाकडे बघत होत्या. आधी कुणाला काही कळलंच नाही. मग थोरल्या जाऊबाईंनी ओळ झेलली, त्यांच्यामागे आम्ही सगळ्यांनी, आणि सर्वांत शेवटी त्या आजींनी. आजींची ओळ संपली तेव्हा अक्कांनी पुन्हा बटण दाबलं आणि पुढची ओळ आली. दुकानात त्या काय शोधत होत्या ते मला तेव्हा कळलं. सगळी गाणी तशी झाली. शेवटची ओळ आम्ही झेलली की त्यांचा अंगठा बटणावर यायचा आणि राहायचा. त्यापुढे काही त्यांनी कधी वाजू दिलं नाही.

या फाल्गुनात अक्का गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला हाक मारायची म्हटलं तरी हाक कुठली होती त्यांच्याकडे. ते मनातून जात नाही माझ्या.

यंदा कानबाई बसली तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी स्पीकर माझ्या मांडीवर ठेवला. "तूच आणलेला शे," म्हणाल्या. पहिली ओळ आली. मी बटण दाबलं ते शेवटचा शब्द कापूनच. बायका अडखळल्या. पुढच्या वेळी उशीर झाला आणि दुसरी ओळ अर्धी निघून आली. मी बघायचं कुणाकडे, बटणाकडे की तोंडांकडे? आम्ही मागे मागे धावत होतो, एकेक बाई गळत होती. मग मी अंगठा उचलला. माझ्याच्यानं होईना. अक्का एकट्याच म्हणत राहिल्या, भराभर, कुठेही न थांबता, आणि आम्ही सगळ्या मांडीवर हात ठेवून ऐकत बसलो.

शेवटचं गाणं संपलं. मी विसरूनच गेले होते की पुढेही काही आहे. स्पीकरमधून अक्कांचा बोलण्याचा आवाज आला, स्वच्छ, समोर बसल्यासारखा. "बंद कर व माय ते आते. कोनी झेलस नही, मी एकलीच कितलं म्हनू?"

आजी पदराखाली रडत होत्या. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "परत लाव. पहिलेफाईन."

मी पहिल्यापासून लावलं. बटणावर अंगठा ठेवला आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. अक्कांची ओळ आली, संपत आली, आणि कधी दाबायचं ते मला कळेना.