ओळीशेजारचं नाव

शनिवारी दुपारी आमच्या शाळेचा वार्षिक अहवाल सगळ्या शिक्षकांनी मिळून एकाच ऑनलाइन फाइलमध्ये लिहिला. वापरायला ती सोपी आहे. कोण कुठे लिहितंय, ते प्रत्येकाच्या स्क्रीनवर नावासकट दिसतं.

विज्ञानाच्या माने बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी लिहिलं, 'प्रयोगशाळा वर्षभर बंद होती.' ती दुरुस्त व्हायची तर हे वाक्य संस्थाचालकांपर्यंत जायला हवं होतं. लगेच त्या ओळीशेजारी मुख्याध्यापकांचं नाव येऊन थांबलं. ते केबिनमध्ये होते आणि काहीच लिहीत नव्हते.

"बाई, पाहुणे आले तुमच्याकडे," समोरून खेळाचे पाटील सर हसले.

"बसू देत. चहा विचारा त्यांना," बाई म्हणाल्या. पण त्यांची बोटं थांबली होती.

कागदावर लिहिताना वाक्य पुरं होईपर्यंत माणूस एकटा असतो. इथे त्याचं बिचकणंही सगळ्यांना दिसतं. बाईंनी 'वर्षभर' काढून 'काही काळ' केलं. नाव हललं नाही. मग 'बंद'च्या जागी 'दुरुस्तीच्या प्रतीक्षेत' आलं. तरी ते तिथेच राहिलं.

शेवटी बाईंनी अख्खी ओळ पुसली. मुख्याध्यापकांचं नाव खाली सरकलं आणि क्रीडा विभागात, पाटील सर लिहीत होते त्या ओळीशेजारी थांबलं.