दीड सेकंदाचा थांबा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक जेवणाचं टेबल दिसतं, पण त्यावर जेवण नाही. डावीकडे खिडकी आहे आणि तिच्यातून दुपारचं पांढरं ऊन तिरकं आत आलेलं आहे. उजवीकडे फ्रिज. तो मधूनच घरघरतो आणि आपला संवाद संपल्यासारखा गप्प होतो. टेबलाच्या एका टोकाला कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला रंगांच्या बाटल्या आणि ब्रश पुसायला घेतलेला जुना बनियन. दोन्ही मुलखांच्या सीमेवर चहाचे दोन कप, त्यातला एक केव्हाच गार झालेला. कॉम्प्युटरपुढे पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ ताठ बसले आहेत. रविवार असूनही अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशाला टेस्टर. रंगांच्या बाजूला तिशीची एक बाई, केसांत पेन्सिल खोचलेली. ही त्यांची भाची. वास्तुरचनाकाराच्या ऑफिसात ती दिवसभर इमारतींचे आराखडे काढते आणि रविवारी इथे येऊन त्याच इमारतींना ओल, भेगा आणि माणसं देते.

गृहस्थांचा धंदा लिफ्ट दुरुस्त करण्याचा. सत्तावीस वर्षं झाली. केबिन मजल्याला लागली की तिची जमीन आणि मजल्याची जमीन एका रेषेत यायला हवी. अर्ध्या बोटाचा फरक राहिला तरी माणूस ठेचकाळतो. या एका रेषेपायी ते बरोबरच्यांचा जीव खात. जोडीदार फोनवर साहेबांना काम झाल्याचं कळवत असायचा आणि हे मागे गुडघे टेकून, गाल फरशीला लावून विचारत असायचे, लेव्हल आली का? कंपनीत त्यांचं नावच लेव्हल पडलं. भाचीमुळे पुढे मामा जोडलं गेलं आणि सगळी इमारत त्यांना लेव्हलमामा म्हणू लागली.

पाच वर्षांपूर्वी भाचीने गेम करायची गोष्ट काढली तेव्हा पहिल्याच रविवारी या नावाने घोटाळा केला. ती म्हणाली, पहिल्या लेव्हलला मध्ये एक मोठा खड्डा ठेवू. खेळाच्या टप्प्यालाही लेव्हल म्हणतात हे मामांना ठाऊक नव्हतं; ते बुचकळ्यात पडले. खड्डा असेल तर ती लेव्हल कसली, असं त्यांनी विचारलं. भाचीला हसू आवरेना. मामींनी स्वयंपाकघरातून सांगितलं की हे दोघं एक गोष्ट पुरी करतील तो दिवस सोन्याचा.

मामांना कोड लिहिता येत होतं, हे घरात कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. लिफ्टमधली जुनी खटक्यांची यंत्रणा जाऊन तिथे इलेक्ट्रॉनिक कार्डं आली, तेव्हा कंपनीने चार महिने शिकायला पाठवलं होतं. दरवाजा मिटला असेल तरच मोटर चालू कर, वजन जास्त असेल तर हलू नकोस, अशी भाषा. मामांना ती बेहद्द आवडली. माणसांशी बोलताना जर आणि तर इतके सरळ कधी जुळत नाहीत.

तर गेम. या जातीच्या खेळाला प्लॅटफॉर्मर म्हणतात. या फळीवरून त्या फळीवर उड्या मारत पुढे जायचं, पडलं की पुन्हा सुरुवात. यातली नायिका एक ठेंगणी आजी. तिच्या दारात चुकून चौदाव्या मजल्यावरच्या माणसाचं पत्र पडतं, लिफ्ट बंद असते, जिन्याला कुलूप असतं, आणि आजी कमरेला पदर खोचून इमारतीच्या बाहेरच्या अंगाने वर निघते. खिडक्यांचे छज्जे, पाण्याचे पाइप, रंगाऱ्यांचे टांगलेले पाट आणि सामान चढवायच्या सरकत्या फळ्या. या फळ्या वर नेतात; त्यांच्याशिवाय चौथ्या मजल्यापुढे जाताच येत नाही.

खेळात मरण नव्हतं. हे भाचीचं म्हणणं. आजी पडली की खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी धुण्यात पडायची आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून कुणीतरी तिला बोलायचं. हे बोलणं इमारतीतल्या लोकांकडूनच रेकॉर्ड करून घेतलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन म्हणायचे, पत्र टाकायचं काम आमचं, तुम्ही कशाला कडमडता. मामींच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं, आधीच धुणं वाळत नाही. ते त्यांनी अशा मनापासून म्हटलं होतं की ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदा मुद्दाम पडावंसं वाटे. आवाज मामांनी आणले होते. मशीन रूममधली मोटरची गुणगुण, ब्रेक बसतानाचा टक्, दोराचं करकरणं. सगळं खरं, कामावरून फोनमध्ये टिपलेलं.

आणि एक गोष्ट मामांनी कुणाला न विचारता घातली होती. आजीने सरकत्या फळीवर पाय ठेवला की फळी लगेच हलायची नाही. आजीची दोन्ही पावलं पूर्ण आत आहेत का, ती स्थिर उभी आहे का, हे फळी बघायची आणि मग दीड सेकंद थांबून निघायची. वर पोचताना हळू व्हायची, मजल्याशी बरोबर एका रेषेत यायची, टक्.

मामांना हे शिकवलं होतं त्यांच्या हाताला वळण लावणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिकने. दुरुस्ती झाली की मिटत्या दरवाजात आधी स्वतःचा हात घालायचा. दरवाजा मागे सरला तरच लोकांना आत सोडायचं. पहिल्या वेळी मामांनी डोळे मिटून हात घातला होता. म्हाताऱ्याने तो बाहेर काढायला लावला आणि डोळे उघडे ठेवून पुन्हा घालायला सांगितला. तेव्हापासून शिरस्ता मोडलेला नव्हता. कोपराखाली मनगटापर्यंत दरवाजाच्या रबराचे पुसट काळे पट्टे उमटायचे आणि मामी साबणाने घासून थकल्या होत्या.

गेम पहिल्यांदा मामींनी खेळून पाहिला तेव्हा त्या फळीवर उभ्या राहिल्या, बटण दाबलं, काहीच झालं नाही, पुन्हा दाबलं, मग फळी निघाली. त्या म्हणाल्या, "अहो, हा खेळ अगदी तुमच्यावर गेलाय. हाक मारली की दीड सेकंदानं ओ देतो."

मामा हसले. थांबा तसाच राहिला.

वर्षातून एकदा शहरातल्या एका सभागृहात छोट्या गेम करणाऱ्यांचा दोन दिवसांचा मेळावा भरायचा. कुणीही यावं आणि बसून खेळून बघावं. भाचीने नाव नोंदवलं. त्याआधी तिने तीन रविवार ओळखीच्यांना घरी बोलावून खेळायला बसवलं. एकूण तेवीस माणसं. कोण कुठल्या मजल्यावर खेळ सोडून उठलं हे ती कागदावर लिहीत गेली. आलेल्यांत एक बाई होत्या. दिवसा दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसायच्या आणि उरल्या वेळात छोट्या गेमवर लेख लिहायच्या. त्यांचा लेख आठवड्याने आला. मामींनी तो चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवला.

लेख न्यायाचा होता. चित्रांची त्यांनी मनापासून तारीफ केली होती. भिंतीवरची ओल बघून सर्दी व्हावी, असं लिहिलं होतं. पडण्याची भीती काढून टाकली आणि पडण्याची गंमत ठेवली, हेही त्यांना आवडलं होतं. धुण्यावरून बोलणाऱ्या बाईंचा आवाज त्यांच्या कानातून जात नव्हता. इथे मामी किंचित थांबल्या आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. मग दोष. शिडी चढताना आजी कधी कधी अर्धी भिंतीत शिरते. सातवा मजला उगाच लांबवला आहे. आणि फळ्या. फळ्यांबद्दल बाईंनी एक पूर्ण परिच्छेद लिहिला होता आणि शेवटी म्हटलं होतं की या खेळाचा खेळणाऱ्यावर विश्वास नाही, पाऊल उचलायच्या आधी तो आपलं मनगट धरून उभा राहतो.

मामा म्हणाले की बाईंचं बरोबर आहे, आणि उठून झाडांना पाणी घालायला गेले. त्या झाडांना सकाळीच पाणी घातलं होतं.

पुढच्या रविवारी भाचीने ब्रशला हात लावला नाही. तिने तो कागद मामांच्या पुढ्यात ठेवला. तेवीस नावं, नावांपुढे मजले. चार, पाच, चार, सहा, चार. सातव्याच्या वर गेलेले फक्त दोघं, आणि त्यातले एक मामा स्वतः. दुसरा नवव्यावर उठला होता.

मामांना कागदाचा अर्थ लगेच कळला. अकरावा मजला हे भाचीचं सगळ्यात चांगलं काम. त्याला तिचे आठ महिने लागले होते. एका भिंतीचा गिलावा निखळलाय आणि आत एकाखाली एक सात जुने रंग उघडे पडलेत, जसं त्या घरात राहून गेलेल्या सात कुटुंबांनी एकेक थर ठेवून जावं. एका खिडकीत दाढी करणारा माणूस, त्याच्या आरशात समोरच्या इमारतीतली बाई. माशांची, कोरडी पडलेली काचेची टाकी, तिच्यात कुणीतरी चपला ठेवलेल्या. मामा ते चित्र पहिल्यांदा बघताना पडद्याला नाक लावून बसले होते.

भाचीने शांतपणे सांगितलं की मेळाव्याला वीस दिवस आहेत आणि थांबा काढायला एक ओळ पुरते. मामांनी फरशीकडे बघत विचारलं की पाऊल अर्धं बाहेर असताना फळी निघते, हे आपण लोकांना शिकवायचं का.

"गेम आहे तो, मामा. पडली तरी धुण्यात पडते."

"सत्तावीस वर्षांत माझ्या लिफ्टमध्ये कुणाचं बोट चेपलं नाही."

"आणि पाच वर्षांत माझा अकरावा मजला कुणी बघितला नाही."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मामींनी बाहेर डोकावून पाहिलं आणि त्या आत गेल्या. भाची रंगांच्या बाटल्यांची झाकणं घट्ट करू लागली. ती आधीच घट्ट होती.

मामांनी खुर्ची पुढे ओढली, ती ओळ शोधली आणि दीडच्या जागी शून्य लिहिलं. मग सवयीने तपासून पाहिलं. आजीला फळीच्या अगदी कडेला नेलं, एक पाय आत, एक बाहेर. फळी सटकन वर गेली. आजी दोन हात पसरून खाली आली आणि मामींचा आवाज आला, आधीच धुणं वाळत नाही. मामांनी कॉम्प्युटर बंद केला. संध्याकाळपर्यंत ते त्या टेबलाकडे फिरकले नाहीत. खाली जाऊन इमारतीच्या लिफ्टचा दरवाजा चार वेळा उघडून मिटून पाहिला आणि चारही वेळा त्यात हात घातला. वाट बघणाऱ्या पोस्टमननी विचारलं, बिघडलीय का? मामा म्हणाले, नाही, चांगली आहे.

मेळाव्यात त्यांना दाराजवळची जागा मिळाली. पहिल्या तासातच फरक दिसला. लोक बसत आणि आजी वाऱ्यासारखी वर जाई. चौथा, सहावा, सातवा. पडणारे पडत, हसत आणि पुन्हा निघत. दुपारपर्यंत सोळा जण अकराव्याच्या वर पोचले. भाची खुर्चीमागे हाताची घडी घालून उभी होती आणि प्रत्येक वेळी दहावा मजला मागे पडला की ती पुढे झुकायची.

अकराव्या मजल्यावर फळी सरळ वर जाते. थांबा नसल्यावर तिला चार सेकंद लागत. चार सेकंदांत लोकांची नजर आजीच्या पावलांवरून हलत नव्हती, कारण फळी कधी संपेल आणि उडी कधी मारायची हे बघायचं असे. सात रंग, आरसा, चपलांची टाकी हे सगळं खाली निघून जाई. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी उठून भाचीचा हात हातात घेतला आणि काय झकास सुळसुळीत खेळ केलाय म्हणून कौतुक केलं. भाचीने आभार मानले. तिचं हसू जिथल्या तिथे होतं. फक्त ते उतरायला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी लेख लिहिणाऱ्या बाई आल्या. चौदाव्यापर्यंत गेल्या, पत्र पोचवलं, मामांकडे वळून म्हणाल्या की आता खेळ मोकळा झाला, मी पुन्हा लिहीन. मामांनी मान लववली. भाचीने सहज विचारल्यासारखं विचारलं, अकरावा मजला कसा वाटला? बाईंनी आठवून पाहिलं. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

"निळा होता ना तो?"

त्या मजल्यावर निळा रंग कुठेच नव्हता. भाची म्हणाली, हो, थोडासा.

जेवणाच्या सुट्टीत मामा आणि भाची सभागृहामागच्या पायऱ्यांवर बसले. मामींनी सँडविच बांधून दिले होते. मामांनी आपला अर्धा तिच्या कागदावर ठेवला. तिने तो परत त्यांच्या कागदावर ठेवला. आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. भाचीने सँडविचची कड तोडली, बराच वेळ बोटांत चुरत बसली आणि म्हणाली, "अकराव्यावर परत ठेव."

काय ठेवायचं हे मामांनी विचारलं नाही. आधीच सांगत होतो, हे वाक्य त्यांच्या अगदी ओठावर आलं असणार. पण मामींबरोबर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ते गिळायची सवय होती. त्यांनी एवढंच विचारलं की सगळीकडे की तिथेच. भाची म्हणाली, तिथेच. बाकी खेळ असाच पळू दे. पण तिथे चांगला पाच सेकंद थांबव, लोकांना मान वर करायला वेळ तर मिळेल.

मामांनी बोटांना लागलेला चुरा झटकला आणि खिशातला टेस्टर उगाच जागच्या जागी सारखा केला.

"पाच नको," ते म्हणाले. "दीडच ठेवतो. त्याच्यापुढे गेलं की माणूस भिंतीकडे बघत नाही, बटण पुन्हा दाबायला लागतो."