प्रभाकर केणेची जीभ

प्रभाकर केणेच्या रिक्षात बसलं की डोंबिवली स्टेशनपासून आमच्या गावापर्यंत दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची संधी मिळत नाही. खड्डे, निवडणूक, मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, बोंबलाचा भाव, सगळं एका दमात. वाक्य कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळत नाही. एकदा एका बाईंचा स्टॉप मागे गेला, कारण "थांबवा" म्हणायला त्यांना फट सापडली नाही.

असा हा माणूस आमच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. आणि वाजवताना त्याची जीभ अजिबात हलत नाही, असं कुणी सांगितलं असतं तर गावात कुणाला पटलं नसतं. पण खरं तेच होतं.

मी त्याच बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो. माझी जागा बरोबर त्याच्या मागे, त्यामुळे किती वर्षं झाली, प्रत्येक हळदीत प्रभाकरची मान बघत उभा आहे. आमच्या आगरी लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी. अख्खं गाव नाचतं, आणि बँड चांगला नसेल तर नवरामुलगा कितीही शिकलेला असो, लोक वर्षभर नावं ठेवतात.

प्रभाकर वाद्य शिकला त्याच्या काकाकडे. काकाने बोटं शिकवली, फुंक शिकवली, आणि जिभेपाशी यायच्या आधीच काका वारला. तेव्हापासून प्रभाकरचे सूर एकमेकांना चिकटलेले. संथ गाण्यात ते गोड लागायचं. पण गाणं जलद झालं की सगळे सूर एकमेकांत कालवले जायचे, आमटीभातासारखे. आम्ही आठ-दहा जण जोरात वाजवायचो, त्यात ते लपून जायचं.

लपलं नाही ते कल्याणजवळच्या एका हळदीत. नवऱ्यामुलाची आजी केशरबाई. वय झालेलं, पण नाचायला उभी राहिली की तरण्या पोरी बाजूला सरकतात अशी बाई. आमचा बँडमास्तर धनेश याने मुद्दाम तिच्यासाठी जलद चाल धरली आणि सुरुवातीचा तुकडा एकट्या प्रभाकरला दिला. केशरबाईंनी पदर खोचला, दोन पावलं टाकली आणि थांबल्या. हात वर केला. ट्रॅफिक पोलिसाने केल्यासारखा. सगळा बँड गप्प.

"यो पिपानीवाला कोन?"

"मी, आजी."

"अरं बाबा, जात्यान मांजराची शेपटी अडकल्यासारा काय वाजवतंस? सूर कुठं धरतंस, कुठं सोरतंस, काय कलत नाय. माजा पाय मी कवा टाकू?"

मंडप फुटला हसून. कुणीतरी मोबाईलवर ते सगळं टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रभाकर स्टेशनवर रिक्षा लावायला गेला तर रांगेतले सगळे रिक्षावाले "म्याव" करून उभे. शेअर रिक्षात चौथा माणूस हवा असला की पोरं ओरडायची, "एक म्याव सीट, एक म्याव सीट!"

प्रभाकर बोलायचा बंद झाला. आता गावाला खरी काळजी वाटली. रिक्षात शांतता म्हटल्यावर लोकांना उलट प्रवास लांब वाटायला लागला. त्याची बायको रचना माझ्याकडे आली. "भाऊजी, यांना काहीतरी सांगा. काल जेवताना मीठ मागितलं तेसुद्धा हाताने."

धनेशनेच उपाय काढला. ठाण्याला कोपरीत रतन शेजवळ म्हणून एक मास्तर राहतात, पोलीस बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवून रिटायर झालेले. एका रविवारी सकाळी प्रभाकर वाद्य घेऊन निघाला. एकट्याने जायचा धीर नव्हता म्हणून मलाही नेलं.

रतनमास्तर घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, खुर्च्या दिल्या आणि म्हणाले, "वाजवा."

प्रभाकरने वाजवलं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "वाजवताना तुमची जीभ कुठे असते?"

"तोंडात."

"ते मला ठाऊक आहे. तोंडात कुठे?"

प्रभाकरने तोंडातल्या तोंडात जीभ फिरवून पाहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला तरी काय माहीत? शेवटी तो म्हणाला, "मास्तर, मी कधी बघितलं नाय."

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही सूर तोडायला जिभेऐवजी फुंकेचाच धक्का देता. पोटातून ढकलता. म्हणून सूर सुटा होत नाही आणि वेग येत नाही. फुंक सतत चालू ठेवायची. सूर तोडायचा तो जिभेच्या टोकाने. माउथपीसवर जी पातळ पट्टी, रीड, असते तिच्या टोकाला जिभेचं टोक नुसतं लागलं पाहिजे. त्याला टंगिंग म्हणतात. चला इकडे."

आम्हाला ते मोरीत घेऊन गेले. नळ सोडला आणि धारेला बोट लावलं, काढलं, लावलं, काढलं. "नळ बंद केला का मी? नाही. धार चालूच आहे. बोट फक्त मधे येऊन जातं. तुमची फुंक म्हणजे हे पाणी."

आतून सूनबाईंचा आवाज आला, "बाबा, पाणी जायची वेळ झाली, पिंप भरायचंय, नळ काय दाखवत बसलात!"

धडा तिथेच आटोपला आणि आम्ही परत खोलीत आलो. मग एकच सूर, लांब फुंक, आणि मधेमधे जीभ, "त" म्हटल्यासारखी. प्रभाकर जीभ अशी मारायचा की जणू कॅरमची सोंगटी मारतोय. मास्तरांनी समोर आरसा धरला. प्रभाकरची हनुवटी प्रत्येक "त"ला खालीवर, बोकड पाला खातो तशी.

"हनुवटीला काम नाही. तिला सुट्टी द्या. बोलताना तुमची जीभ कशी चालते?"

"ती आपोआप चालते."

"कारण तिथे तुम्ही जोर लावत नाही. इथेही लावू नका. हलकी ठेवा."

मग त्यांनी मोबाईलवर टकटक लावली. इतकी सावकाश की दोन टकांच्या मधे मला डुलकी लागायची वेळ आली. प्रभाकर कुरकुरला, "मास्तर, एवढी हळू तर माझी सासूपण चालत नाय."

"ज्या वेगात एकही सूर फसत नाही तिथून सुरुवात करायची. तो जमला की टकटक जराशी वाढवायची, फसला की परत मागे. आणि वाद्य हातात नसेल तेव्हा नुसतं तोंडाने, पुटपुटल्यासारखं, 'ति ति ति ति' म्हणत राहायचं."

हा शेवटचा सल्ला महागात पडला.

सकाळी प्रभाकर पडवीत बसून "ति ति ति ति" करायला लागला. आता आमच्याकडे कोंबड्यांना दाणे टाकताना हीच हाक मारतात. रचनाच्या कोंबड्या धावत आल्या. मागोमाग शेजारच्या आल्या. सगळ्या माना वर करून उभ्या, आणि हा डोळे मिटून टकटक ऐकतोय. दाणा काही पडेना. कोंबड्याने शेवटी चिडून त्याच्या पायाच्या अंगठ्याला चोच मारली. हे रोज व्हायला लागलं. रचना माझ्या बायकोला सांगत होती, "अंडी कमी झाली गं. कोंबड्यांचा आता हाकेवर विश्वासच राहिला नाय. मी खरे दाणे घेऊन बोलावते, तरी एक येत नाय."

मग त्याने "ति" सोडून "द" धरलं. ते रिक्षात. सिग्नलला उभा राहिला की हळू आवाजात "द द द द". मागे बसलेल्या एका काकूंनी उतरताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "लाजायचं नाही हो. माझ्या भाच्याचंही असंच अडखळायचं. ठाण्याला एक चांगल्या डॉक्टरबाई आहेत." आणि नंबरसुद्धा दिला.

पण माणूस हटला नाही. मोबाईलची टकटक बारीक ऐकू येते म्हणून दुपारी माझ्याकडे यायचा. मी ढोलावर संथ ठोका धरायचो, तो एकेक सूर तोडायचा. पहिल्याच दिवशी शेजारचा मुकुल खांद्यावर टॉवेल टाकून, चेहरा पाडून आला. "कोण गेलं?" त्याच्या मागे आणखी माणसं येत होती. त्यांना चहा पाजून परत पाठवावं लागलं.

हळूहळू फरक पडला. सूर सुटे व्हायला लागले. पण वेग वाढवला की नवीनच भानगड. जीभ आणि बोटं एकमेकांना भेटेनात. जीभ पोचायची तेव्हा बोट वाटेतच. परत कोपरी. मास्तरांनी सांगितलं, "सूर वाजवा, जिभेने बंद करा, जीभ रीडवरच राहू द्या. त्या शांततेत पुढच्या सुराची बोटं ठेवा. मग जीभ उचला. पाहुणा दारात यायच्या आधी पाट मांडलेला असतो की नाही? तसं."

हे त्याला पटकन कळलं. पाहुणचार म्हणजे काय ते आमच्या माणसाला शिकवावं लागत नाही. पावसाळा त्यातच गेला. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, आणि हळदी सुरू झाल्या.

केशरबाईंच्या धाकट्या नातवाची हळद निघाली. सुपारी आम्हालाच. प्रभाकर धनेशला म्हणाला, "मी नाय येत. मला ताप आहे." धनेशने त्याच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "रिक्षाचं इंजिन यापेक्षा जास्त गरम असतं. चल."

तिथे पुन्हा तीच जलद चाल. पुन्हा सुरुवातीचा तुकडा प्रभाकरला. मी मागून बघत होतो, त्याची मान घामाने चिंब. पण त्याने फुंक धरली आणि सूर असे निघाले, कढईत लाह्या फुटाव्यात तसे. एकेक वेगळा, एकेक टणक. माझा ढोल त्याच्यावर आपोआप बसला. केशरबाई उठल्या, पदर खोचला, आणि नाचल्या. थांबल्या नाहीत. नाचता नाचता नातवाला ओढलं, विहिणीला ओढलं, आचाऱ्यालासुद्धा झारा हातात असताना ओढलं. प्रभाकरकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

त्याला तेच लागलं. जेवणाच्या वेळी तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "आजी, ओळखलंत का?"

"कोन रं तू?"

"मागच्या वेळचा. तो मांजरवाला."

केशरबाईंनी डोळे बारीक केले. "तो? त्याला कारला ना बँडमधशी? बरा केला. आजचा पोरगा चांगला व्हता. त्याला सोरू नका."

प्रभाकरचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा सुरू होणार. पण तो एवढंच म्हणाला, "हो आजी. काढला त्याला." आणि येऊन माझ्या शेजारी जेवायला बसला. दोनदा मटण घेतलं.

इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण नवा चाकू आणला की माणूस दिसेल ते चिरत सुटतो. प्रभाकर आता प्रत्येक गाण्यात जीभ वापरायला लागला. आरतीत, वरातीत. आणि मग कल्याणला एका लग्नात, मुलीच्या पाठवणीत. मुलगी आईच्या गळ्यात पडून रडतेय, सगळ्यांचे डोळे भरलेत, धनेशने हळुवार चाल धरली. आणि या पठ्ठ्याने तिचे तुकडे केले. टक-टक, टक-टक, टक-टक. आधी मुलीच्या मामाचा पाय हलायला लागला. मग करवल्यांना हसू फुटलं. शेवटी नवरीच आईच्या खांद्यावर तोंड लपवून हसायला लागली. आईने पदराने डोळे पुसले आणि आमच्याकडे असं बघितलं की मी ढोलामागे वाकलो.

रविवारी आम्ही तिघे कोपरीत. धनेश तक्रार सांगायला, प्रभाकर मान खाली घालून, मी सवयीने. रतनमास्तरांनी सगळं ऐकलं. या वेळी मात्र ते हसले, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले.

"आली म्हणायची जीभ. आता ती कुठे लावायची नाही ते शिका. तुमची जुनी, सूर चिकटवायची सवय सगळीच वाईट नव्हती."

"मग मास्तर, आधी का नाय सांगितलंत?"

"आधी तुमच्याकडे ती एकच सवय होती. आता दोन आहेत. निवडता येईल."

मग त्यांनी कपाटावरची पेटी खाली काढली. स्वतःचं वाद्य जोडलं, रीड ओली केली, आणि दोघं मिळून एक संथ चाल वाजवायला लागले. मास्तर कुठे जीभ लावतात, कुठे नुसतं वाहू देतात, हे प्रभाकर त्यांच्या गालाकडे टक लावून बघत होता. चाल संपली तेव्हा सूनबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाबा, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा पेटी उघडलीत."

मास्तरांनी वाद्य पुसलं. बराच वेळ पुसलं. मग धनेशकडे न बघता विचारलं, "तुमच्या बँडमध्ये दुसऱ्या क्लॅरोनेटला जागा असते का हो?"

आता असते. पहिल्या हळदीला मास्तर आले ते बुटांना पॉलिश करून, सावधान उभे राहून वाजवायला. अख्खा मंडप उड्या मारतोय आणि हा माणूस झेंडावंदनाला उभा असल्यासारखा ताठ. बायकांनी बघितलं की हा एकटाच कोरडा राहिलाय. चार-पाच जणी हळदीचं ताट घेऊन आल्या, गालाला, कपाळाला, इस्त्रीच्या शर्टाला, जिथे जागा सापडेल तिथे हळद फासली. मास्तर हलले नाहीत. एका डोळ्यात हळद गेली तेवढी एकच पापणी मिटली, आणि सूर एकही फसला नाही.