लेबल काढलेली साडी

साडेदहापासून हौसाने रत्नागिरीच्या बाजारातली अर्धी राम आळी उलटीपालटी केली होती आणि घेतलं मात्र काहीच नव्हतं. तिची लेक दर्शना रिकामी पिशवी सांभाळत मागून चालत होती. शाळेच्या ऑफिसात क्लार्क असलेल्या दर्शनाने आज रजा टाकली होती. तिचं लक्ष दुकानांकडे नव्हतंच, ते आईच्या हाताकडे होतं. हात काय उचलतो आणि काय परत ठेवतो.

कारण काल डॉक्टरांनी कागदावर हौसाचं पोट काढून त्यात पेनाने एक गोळा गिरवला होता. महिन्याभरात ऑपरेशन केलं तर आशा आहे, नाही केलं तर येता पावसाळा निघेल असं वाटत नाही, असं ते म्हणाले होते. गावाहून आलेल्या हौसाने तो कागद चार घड्या करून कमरेला खोचला आणि म्हणाली, "उद्या माला बाजार दाखव. मंग सांगतंय काय ता."

दर्शनाने तेव्हाच मनाशी धरून ठेवलं : आईने काही घेतलं, तर ती ऑपरेशनला हो म्हणणार. ज्याला जगायचं नाही ते माणूस खरेदी कशाला करील?

भांडीवाल्याने पातेल्यावर बोटांनी ताल धरला. "आजी, हे न्या! नातीच्या लग्नात काढलंत तरी तोंड दिसेल. नाही दिसलं तर मला बोलवा, मी येऊन दाखवतो!"

"तुजा तोंड बगून काय करू, माज्या घरात एक हाय तसला," हौसा म्हणाली. भांडीवाला खो खो हसला. पातेलं परत फळीवर गेलं.

बियाणांच्या दुकानात मालक कंडक्टरने थांबे पुकारावेत तसा एका दमात सुटला, "पडवळ-दोडका-भेंडी-वाल-काकडी, बोला मावशी!" इथे दर्शनाचा जीव वर-खाली झाला. बियाण्याच्या पुड्यांशिवाय आई रत्नागिरीतून कधी परत गेली नव्हती. हौसाने पडवळाची पुडी उचलली, उलटी केली, सुलटी केली.

"किती दिवसांत धरतो?"

"दोन-अडीच महिन्यांत तोडाच की!"

हौसाने पुडी जागेवर ठेवली. वर त्या रांगेतल्या वाकड्या पुड्याही नीट लावल्या.

"घे ना, आये. दरवर्षी घेतेस."

"परड्यात जागा नाय."

परड्यात क्रिकेट खेळता येईल एवढी जागा होती.

मग कापडाचं दुकान आलं. "या या या या! ताई बसा, आजी टेका, पाणी घ्या, नाही घेतलंत तरी चालेल, बघायचे पैसे नाहीत!" हे बोलून होईपर्यंत दुकानदाराने सहा साड्या उलगडल्यासुद्धा.

"हिरवी दाखव," हौसा म्हणाली.

"हिरव्यात काय देऊ? पोपटी, मेंदी, बाटली, शेवाळी..."

"हिरवी म्हंजे हिरवी. चुड्यासारकी."

त्याने काढली. काठ बारीक, पदर साधा, पण रंग अगदी भरल्या चुड्याचा. हौसाचा हात त्या साडीवर गेला आणि मागे आलाच नाही.

"रंगाची गॅरंटी, आजी! पन्नास वेळा धुवा, उतरला तर इथे आणून माझ्या तोंडावर मारा!"

"धुवायची नाय हाय."

"मग तर राणीसारख्या नेसा! जरा खांद्यावर टाका बघू..."

"नुको," हौसा एकदम मागे सरली. "अंगाला लावू नुको."

"अहो आजी, आरसा फुकट आहे!"

दर्शनाला हसू फुटलं. आई गावाहून आल्यापासून पहिल्यांदाच. कुणी दिलं ते नेसण्यात जन्म घालवलेली आई आज स्वतः रंग सांगून साडी घेत होती. तिने मागून पदर ओढला, आईच्या खांद्यावर टाकला, आरशासमोर धरून फोटो काढला आणि मुंबईतल्या भावाला, सुजयला, पाठवला. खाली लिहिलं, 'आये तयार आहे.' सुजयचं उत्तर लगेच आलं : 'तारीख घे. मी सुट्टी टाकतो.'

हौसाने तो पदर दोन बोटांनी खांद्यावरून उचलला. "घडी घाल रे, होती तशीच," ती दुकानदाराला म्हणाली.

बाहेर गोखले नाक्याजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर दोघी टेकल्या. हौसाने साडीची पिशवी लेकीच्या मांडीवर ठेवली.

"दर्शने, ही तुज्या कपाटात ठेवू नुको. रव्वारी अलोऱ्याला जा आनि बाबल्याकडं दे."

बाबल्या हा हौसाच्या माहेरच्या, अलोऱ्याच्या भावकीतला लांबचा चुलतभाऊ. वर्षातून एकदा दिसायचा, तोही कुणाच्या तरी बाराव्याला.

"बाबल्यामामाकडे? कशाला?"

"काशीराम असता तर त्यानं आनलान असता. आता कोन आननार?"

दर्शनाच्या मांडीवरची पिशवी एकदम जड झाली. बाई गेली की तिच्या अंगावर घालायचं शेवटचं लुगडं माहेराहून यावं लागतं. हौसाचा एकुलता एक भाऊ काशीराम दिवाळीत गेला होता. मागे मूलबाळ नाही, घराला कुलूप.

"आये, तू ऑपरेशनचं सांगते म्हणाली होतीस."

"काशीरामला मुंबयला कापलानी. तीन म्हयने नळ्या. शेवटी माला इचारलान, तुमी कोन बाई? सख्ख्या बहिनीला." हौसा समोरच्या रिक्षांकडे बघत होती. "माला तुला तसा इचारायचा नाय."

"सगळ्यांचं तसं होत नाही गो. डॉक्टर म्हणाले ना..."

"म्हनालान ता आयकला मी. प्वाट माजा हाय."

"मग मी नाही नेणार. मी नाही जाणार अलोऱ्याला, जा."

"मंग बाबल्या रिकाम्या हातानं येल. येल तर." उद्याची एसटी कितीला आहे ते सांगावं तशी हौसा बोलत होती. "लोकं बोलतील, हौसाच्या मागं माह्यारचा कोन नव्हता."

फोन वाजला. सुजय. दर्शनाने तो वाजू दिला. तेवढ्यात हौसाने साडी बाहेर काढून काठाला पिनेने लावलेलं दुकानाचं लेबल नखाने उचकटायला घेतलं होतं.

"ही चिठ्ठी काड. माजी नजर पोचत नाय. त्यानंच आनली असा दिसला पायजे."

"त्याला माहीत असणारच ना, आये."

"म्हायत असू दे. चिठ्ठी नुको."

दर्शनाने साडी ओढून मांडीवर घेतली. लेबलाची पिन बारीक होती, डोळ्यांत पाणी आल्यावर आणखी बारीक झाली. तिने नख घातलं.

"वोडू नुको, भोक पडेल. बाबल्याची बायको सगळा बगती."

फोन पुन्हा वाजायला लागला. दर्शनाचे दोन्ही हात गुंतलेले होते.